बुधवारची डाळिंबी उसळ

पत्राचा सारांश

एका ताईंचं पत्र आलं आहे. वय चौपन्न, राहायला डोंबिवलीत, नोकरी दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात. कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं मराठी उपाहारगृह आहे. तिथे दर बुधवारी डाळिंबी उसळ, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालाची उसळ, मिळायची. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी या ताई जेवणाच्या सुट्टीत एकट्या तिथे जात, खिडकीजवळच्या टेबलावर बसत आणि उसळ, दोन पोळ्या, शेवटी ताक असं सावकाश जेवत. एकवीस वर्षं हा नेम चालला. बरोबर कधी कुणाला नेलं नाही, घरीही त्याबद्दल फारसं बोलल्या नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या तर फळ्यावर उसळीचं नाव नव्हतं. नवं छापील मेनूकार्ड आलं होतं, त्यातही नव्हतं. गल्ल्यावर जुन्या मालकांचा नातू बसला होता, तिशीतला. ताईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काकू, ते सोलायला माणूस...” ताईंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. “पनीर करायला माणूस मिळतो आणि उसळीला मिळत नाही होय? तुझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?” आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. ताई न जेवताच परतल्या. तेव्हापासून त्या त्या रस्त्याने जातही नाहीत.

घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, “एवढंच ना? घरी कर.” नणंदही तेच म्हणाली. मुलगा म्हणाला, गूगलवर एक स्टार देऊन टाक. “घरी कर” हे शब्द ऐकून आपल्याला रडूच कोसळलं, असं ताई लिहितात. माहेरी, पेणजवळच्या गावात, चौदा माणसांच्या घरातल्या त्या थोरल्या. नवव्या वर्षापासून वाल सोलायला बसायच्या. बायकांच्या शेवटच्या पंगतीत त्यांचं पान मांडलं जाई तोवर पातेल्यात नुसता रस उरलेला असे. डाळिंब्या पोटभर खाल्ल्या त्या पहिल्यांदा या उपाहारगृहात.

त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. एका उसळीसाठी इतकं वाईट वाटणं पोरकट आहे का? त्या मुलाची माफी मागावी का? आणि उसळ पुन्हा सुरू व्हावी म्हणून काही करता येईल का?

प्रिय ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना मन मोकळं राहील. हे पोरकट नाही.

तुमच्या घरच्यांना वाटतंय की तुम्हाला उसळ हवी आहे. तेवढीच हवी असती तर इतक्या वर्षांत तुम्ही ती कितीदा तरी केली असतीत. तुमच्याइतक्या सफाईने डाळिंब्या सोलणारं त्या घरात दुसरं कुणी नसणार. तुम्हाला हवं होतं ते आयतं वाढलेलं पान. आपण खुर्चीवर बसलोय, दुसरं कुणीतरी वाल भिजवलेत, बांधलेत, सोललेत, शिजवलेत आणि वाटी काठोकाठ भरून आपल्यापुढे आणून ठेवली आहे, आणि ती संपेपर्यंत आपल्याला कुणी उठवणार नाही. महिन्यातून एक दिवस, पाऊण तास. नवव्या वर्षापासून शेवटच्या पंगतीला बसलेल्या मुलीला हे मिळालं आणि तिने ते एकवीस वर्षं सांभाळलं. ते गेल्यावर तिला रडू आलं. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की एवढ्यात घरी करू नका. कुणी कितीही आग्रह केला तरी. आत्ता तुम्ही वाल भिजत घातलेत तर त्या वाटीत नववं वर्ष परत येईल, बुधवार येणार नाही.

आता त्या दिवशीच्या प्रसंगाबद्दल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अर्धवट आहे. “काकू, ते सोलायला माणूस...” यापुढे तो मुलगा काय म्हणणार होता, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. माणूस मिळत नाही? माणूस परवडत नाही? की जो माणूस होता तो आजारी आहे, गावी गेला आहे, वारला आहे? तुम्ही त्या ठिकाणी एक वाक्य घालून टाकलंत: पैशाच्या मागे लागलाय. तेच खरं असेलही. पण त्याने ते म्हटलेलं नाही.

ज्या वाचकांनी डाळिंब्या फक्त पानात पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. ताई, तुम्ही हा परिच्छेद वगळलात तरी चालेल. कडवे वाल रात्री भिजत घालायचे. सकाळी ते उग्र वासाचं पाणी टाकून फडक्यात घट्ट बांधायचे. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतो, थंडीपावसात दोन दिवसही लागतात. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, की सालातून डाळिंबी सुटून येते. जास्त दाबलं तर तिच्या दोन डाळी होतात. कमी दाबलं तर साल चिकटून राहतं आणि खाताना दाताखाली येतं. एकेक दाणा, शेवटपर्यंत. त्यानंतरचं, म्हणजे हिंगाची फोडणी, ओलं खोबरं, गूळ, आमसूल, गोडा मसाला, झाकणावर पाणी ठेवून मंद आच, हे सगळं अर्ध्या तासाचं काम. ढवळतानाही हात हलका लागतो, नाहीतर सोललेलं सगळं मोडतं. कुणी याला बिरडं म्हणतं, कुणी डाळिंब्या. कायस्थांच्या घरी श्रावणी सोमवारी संध्याकाळी उपास सोडायला बिरडं हवंच. नाव बदलतं, सोलणं चुकत नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी पाव किलो वाल मुद्दाम भिजवले आणि घड्याळ लावून सोलायला बसले. एक तास दहा मिनिटं लागली. वाटी नीट भरून वाढलं तर पाच जणांना पुरली. म्हणजे एका पानामागे चौदा मिनिटं, नुसती सोलण्याची. बुधवारी तीस पानं जातील असं धरलं तर सात तास झाले. एका माणसाचा अख्खा दिवस.

आता गल्ल्यावर बसणाऱ्याच्या जागी बसून पाहा. मटकी भिजवली की ती मिसळीला चालते, उसळीला चालते, उरली तर दुसऱ्या दिवशीच्या भाजीत जाते. वाटाण्याचंही तसंच. कांदा-टोमॅटोची एक ग्रेव्ही करून ठेवली की पनीरच्या चार भाज्या त्यातून निघतात. मोड आलेले, सोललेले वाल मात्र दुसऱ्या कशात फारसे जात नाहीत, आणि मुंबईच्या हवेत आंबायलाही वेळ लागत नाही. बुधवारी संध्याकाळी आठ पानं उरली तर ती गेली. त्या आठ पानांच्या सोलण्याची मजुरी मात्र दिलेलीच असते. कुठलाही हॉटेलवाला कार्ड छोटं करायला बसला की तो हेच बघतो: खपतं किती, हात किती लागतात, आणि त्यातलं दुसऱ्या पदार्थात काय वापरता येतं. डाळिंबी उसळ तिन्ही ठिकाणी मार खाते. चवीत ती नापास झालेली नाही, हे लक्षात ठेवा.

आणि आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं मला दोन दिवस वाटत होतं. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही लिहिते. वर्षाला बारा पानं, एकवीस वर्षं. अडीचशे पानं झाली. पानामागे चौदा मिनिटं धरली तर अठ्ठावन्न तास. त्या स्वयंपाकघरात कुणीतरी तुमच्या एकटीसाठी अठ्ठावन्न तास वाल सोलत बसलं होतं, आणि तुमच्या साडेतीन पानी पत्रात त्या व्यक्तीचं नाव नाही. ती बाई होती की पुरुष, म्हातारी होती की तरुण, काहीच नाही. आजोबा आहेत, नातू आहे, खिडकीजवळचं टेबल आहे, ताकाचा पेलासुद्धा आहे.

तुम्हाला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. उलट, महाराष्ट्रात हे ज्यांना सगळ्यात लवकर दिसायला हवं अशांपैकी तुम्ही आहात, म्हणून म्हणते. पेणला तुमच्या हातांकडे कुणी पाहिलं नाही. मुंबईत त्या हातांच्या जागी दुसरे हात आले आणि तेही दाराआड राहिले.

मुंबईच्या बाहेरच्या जेवणाची गोष्ट मुळात याच हातांची आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे जात. त्या बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत रांधत आणि सामानासाठी सावकाराच्या व्याजात बुडत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर या बाया काम करतात अशी कुठे नोंदही नव्हती. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. जेवणारे गेले तशा चुलीही थंड झाल्या. तेव्हा किती भाज्या, किती चटण्या, किती हातखंडा पदार्थ बंद झाले असतील. त्यांची मेनूकार्डं नव्हती, म्हणून कुठून काय काढून टाकलं गेलं हे सांगायलाही कुणी नाही.

तुम्ही त्या मुलाला म्हणालात, आजोबांना काय वाटलं असतं. त्या घरातलं मला ठाऊक नाही. पण अशा अनेक जुन्या उपाहारगृहांच्या माडीवर मालकाचं कुटुंब राहत असे, आणि दुपारच्या वेळी आजी, काकू, सुना खाली येऊन वाल सोलायला, भाजी निवडायला, पुरण वाटायला बसत. त्याची मजुरी कुठल्या वहीत चढत नसे. डाळिंबी उसळ तेव्हा स्वस्त होती ती काही अंशी यामुळे. आजोबांना जे फुकट मिळालं ते नातवाला विकत घ्यावं लागत असेल, तर त्या दोघांची तुलना करणं त्याच्यावर अन्याय आहे. आणि त्या घरातल्या सुना आता नोकरीला जात असतील, कुणी बँकेत, कुणी शाळेत, तर त्याचा तुम्हाला आणि मला आनंदच व्हायला हवा. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात: उसळ बंद झाली याचं दुःख, आणि कुणाची तरी सोलण्यातून सुटका झाली याचं समाधान.

मग माफी मागायची का? हो, मागा. लवकर मागा. तुमचा राग चुकीचा होता म्हणून नाही. भरल्या हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर, तुम्ही त्याच्या गेलेल्या आजोबांना त्याच्याविरुद्ध उभं केलंत, ते लागणारं आहे. जुनं दुकान चालवणाऱ्या प्रत्येक नातवाला हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, आणि त्यावर त्याला उत्तर देता येत नाही.

जेवणाच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, जेवणं आटोपून चहाची वर्दळ सुरू व्हायच्या आत, गल्ल्यावरचा माणूस जरा मोकळा असतो. फार बोलायची गरज नाही. “त्या दिवशी मी तुझ्या आजोबांचं नाव काढलं. ते काढायला नको होतं. मला वाईट वाटलं होतं, पण तसं बोलायला नको होतं.” एवढं पुरे. त्याच्या पुढे लगेच ‘पण’ लावू नका. ‘पण उसळ बंद करायला नको होती’ असं म्हटलंत की माफी तिथेच संपते. त्या दिवशी उसळीचा विषयच काढू नका. बसा, काहीतरी मागवा, खा, पैसे द्या, बाहेर पडा. तो स्वतःहून बोलला तर ऐका.

दुसऱ्या खेपेला विचारा. मागणी करू नका, विचारा. “त्या दिवशी तू सोलायला माणूस म्हणत होतास, ते काय होतं?” आणि मग तो पूर्ण बोलेपर्यंत थांबा. त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तो म्हणाला की माणूस होता, आता नाही, तर त्यांचं नाव विचारा. त्या कुठे असतात, बऱ्या आहेत का, हे विचारा. शक्य झालं तर निरोप पाठवा की एकवीस वर्षं बुधवारी जेवायला येणारी एक बाई तुमची आठवण काढते. स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला हे शब्द जवळजवळ कधीच ऐकायला मिळत नाहीत. माझ्या मते तुमच्या सगळ्या खटाटोपात हेच सगळ्यात मोलाचं ठरेल. उसळ परत येवो न येवो.

तो म्हणाला की परवडत नाही, तर तुमच्याकडे बोलण्यासारखं काहीतरी आहे. दर बुधवारचा आग्रह सोडा. महिन्यातून एकदा, आदल्या सोमवारपर्यंत नावं घेऊन, मोजून तेवढीच पानं करायची, असं जमेल का हे विचारा. वाल भिजवण्यापासून ताटापर्यंत दोन-तीन दिवस लागतात, म्हणून सोमवार. आधी नावं असली की उरण्याची भीती गेली. भाव काय तो त्याला ठरवू द्या, आणि तो ऐकून भुवया उंचावू नका. पनीरच्या भाजीला आपण जितके देतो त्याहून कमी पैशात चौदा मिनिटांचं सोलणं मिळावं, ही अपेक्षा आपण सगळ्यांनीच सोडायला हवी. ‘उसळच तर आहे’ असं म्हणून आपण तिची किंमत ठरवतो, आणि मग ती परवडत नाही म्हणून बंद झाली की हळहळतो.

नावं मात्र तुम्हाला जमवावी लागतील. इथे तुम्हाला तुमचा एक नेम मोडावा लागेल. एकवीस वर्षं तुम्ही तिथे कुणाला नेलं नाहीत. ते तुमचं स्वतःचं ठिकाण होतं आणि ते तसं राहावं असं वाटणं मला पूर्ण समजतं. पण तुमच्या कार्यालयात रायगडकडच्या, ठाण्याकडच्या किती बायका असतील ज्यांनी लहानपणी वाल सोलले आणि रस खाल्ला? त्यातल्या दहा जणी मिळाल्या आणि त्यांनी आणखी कुणाला बरोबर आणलं, तर पंधरा-वीस पानं सहज होतील. वाटलं तर तुम्ही त्या दिवशीही खिडकीजवळ एकट्याच बसा. नावं यादीत हवीत, टेबलावर नकोत.

सोललेल्या डाळिंब्यांचा पर्याय त्यालाही माहीत असेल, तरी सांगून पाहा. मुंबई-ठाण्याच्या भाजीबाजारांत मोड आलेले, सोललेले वाल घेऊन बसणाऱ्या बायका आहेत. दादरला, गिरगावात, पार्ल्यात मी स्वतः घेतले आहेत. तुमच्या डोंबिवलीतही चौकशी करा. किलोमागचा भाव साध्या वालाच्या कितीतरी पट असतो आणि तो तसाच असायला हवा. कुणा एकीशी महिन्यातून एकदा ठरवून घेतलं तर उपाहारगृहाला माणूस ठेवावा लागणार नाही आणि तिला खात्रीचं गिऱ्हाईक मिळेल. हे जमेलच असं नाही. हॉटेलवाल्याला दुसऱ्याने सोललेल्या मालाच्या ताजेपणाची धास्ती असते आणि ती रास्त आहे.

आणि तो ‘नाही’ म्हणाला तर? तेही त्याचं म्हणणं आहे. दुकान त्याचं आहे. लोकांनी आरडाओरडा केला की पदार्थ परत येतो असा एक समज आहे. त्याचं मोठं उदाहरण म्हणजे कोका-कोलाने १९८५ च्या एप्रिलमध्ये आपल्या पेयाची चव बदलली, अमेरिकेत लोक खवळले आणि ७९ दिवसांत कंपनीला जुनी चव परत आणावी लागली. पण तिथे कृती कागदावर होती आणि कारखाना तोच होता. इथे कृती कुणाच्या तरी बोटांत होती. बोटं निघून गेली असतील तर आरडाओरड्याने ती परत येत नाहीत. म्हणूनच मुलाचा तो एक स्टारचा सल्लाही मनावर घेऊ नका. तुमची अडीचशे सुखाची जेवणं त्या एका चांदणीत मावत नाहीत, आणि वाचणाऱ्या परक्या माणसाला त्यातून कळणार काय, तर इथे जाऊ नका. तुम्हाला ते उपाहारगृह बंद पडायला नको आहे ना?

एक काम मात्र आजच करा. ती चव जशी आठवते तशी लिहून काढा. गूळ किती पुढे होता, आमसुलाचा आंबटपणा होता की चिंचेचा, खोबरं वाटलेलं की नुसतं खवलेलं, रस पातळ की अंगासरसा, वर कोथिंबीर होती का, दाणे अखंड होते की थोडे मोडलेले. दोन महिने झालेत. चवीची आठवण हळूहळू निसटते. त्या मुलाशी बोलणं झालं, आणि स्वयंपाकघरातल्या कुणाशी ओळख झाली, तर हा कागद दाखवून विचारता येईल. कृती मागितल्यावर कुणी दिली नाही तर रागावू नका. काही घरांची ती कमाई असते.

इतर वाचकांनाही हे लागू पडेल म्हणून इथेच लिहिते. या सदराकडे अशी पत्रं अधूनमधून येतात. कुणाच्या कॉलेजजवळचं थालीपीठ बंद झालं, कुणाच्या स्टेशनबाहेरचा खरवस. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य असतं: गेल्या दोन-तीन वर्षांत जाणंच झालं नाही, पण तो तिथे आहे याचा आधार होता. हॉटेलवाल्याला आपल्या आधारातून गॅसचं बिल भरता येत नाही. तुमचा आवडता पदार्थ अजून फळ्यावर असेल तर या आठवड्यात जाऊन खा. खाल्ल्यावर गल्ल्यावर सांगा की याच्यासाठी आले होते. जमलं तर आत कोण करतं ते विचारा आणि त्यांनाही सांगा. मालक कार्ड छोटं करायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर खपाचा आकडा असतो, आणि कधीकधी कुणाचा तरी चेहरा. आपण निदान चेहरा तरी होऊ शकतो.

ताई, आता शेवटी तुमच्या घराविषयी. सुरुवातीला मी म्हटलं, एवढ्यात घरी करू नका. कायम करू नका असं नाही. तुमच्या यजमानांनी ‘घरी कर’ म्हटलं तेव्हा त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. त्यांना माहीतच नसेल. पेणच्या त्या शेवटच्या पंगतीबद्दल तुम्ही मला लिहिलंत, त्यांना कधी सांगितलं आहे का? पत्रावरून तरी वाटत नाही. तीस वर्षांच्या संसारात राहून गेलेल्या अशा गोष्टी असतात, मुद्दाम लपवलेल्या नसतात, नुसत्याच बोलल्या गेलेल्या नसतात. एखाद्या संध्याकाळी सांगा. आणि त्यांनी ऐकून घेतलं, तर त्यांना म्हणा, घरी करू, पण सोलायला तुम्ही आणि मुलगा बसा. रविवारी सकाळी परात मधे ठेवा, दोघांना कोमट पाणी द्या, एक दाणा सोलून दाखवा आणि उठून बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर वाचा. अर्ध्या डाळी मोडतील, सालं राहतील, दोन तास लागतील. मोडू द्या. आतून “हे चालेल का” अशी हाक आली तरी उठू नका. आणि पहिलं पान तुमचं मांडायला सांगा.

होळीच्या सुमारास रायगडातला नवा वाल बाजारात येतो. भात कापून झालं की त्याच शेतातल्या ओलीवर तो पेरतात, वरून पाणी लागत नाही. थंडीत ओल्या शेंगांची पोपटी लागते, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजलेली, हे तुम्हाला मी काय सांगणार. तो नवा वाल भिजायला सोपा आणि चवीला गोडसर कडू असतो. तोवर अवकाश आहे. त्याआधी दोनदा तरी त्या उपाहारगृहात जाऊन या.

आणि तो मुलगा त्याचं वाक्य पुरं करेल तेव्हा ते काय होतं, हे मला नक्की कळवा. त्या सोलणाऱ्यांचं नाव कळलं तर तेही.